माझा घरगुती गुंता

पासवर्ड चुकीचा टाकला आणि फाइल उघडली. म्हणजे घाईघाईत दोन अक्षरं पुढेमागे झाली होती, एन्टर दाबल्यावर लक्षात आलं की अरेच्चा चुकलं, आणि बघतो तर समोर माझी डायरी जशीच्या तशी. आधी वाटलं प्रोग्रामने मागचा पासवर्ड कुठेतरी धरून ठेवला असणार. बंद केला, परत चालू केला, मुद्दाम अक्षरं फिरवून टाकली, उघडली. मग पासवर्ड अख्खा उलटा लिहिला, शेपटापासून डोक्यापर्यंत, तरी उघडली!!

आता हा प्रोग्राम लिहिणारा दुसरा कोणी असता तर त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण लिहिणारा मीच. नाव पण मीच ठेवलेलं, 'गुंता'. कारण कल्पना अशी होती की आपण असा गुंता करून ठेवायचा की तो आपल्याशिवाय कोणाला सुटणार नाही. तयार एन्क्रिप्शन (म्हणजे मजकूर पासवर्डने कुलूपबंद करणारं) सॉफ्टवेअर ढीगभर पडलंय हे मला माहीत होतं हो, पण रँडम नंबर वापरून स्वतःची पद्धत बनवायची खाज होती, आणि खाजेवर औषध नसतं.

गुंता क्रमांक एक कसा चालायचा ते सांगतो, कारण कल्पना मुळात वाईट नव्हती. कॉम्प्युटरसाठी कुठलीही फाइल म्हणजे शेवटी ० ते २५५ मधल्या आकड्यांची रांग, एकेक आकडा म्हणजे एकेक बाइट. आपण रँडम आकड्यांची तेवढीच लांब एक माळ तयार करायची आणि फाइलमधला प्रत्येक आकडा माळेतल्या त्याच नंबरच्या मण्याशी एक्सॉर करायचा. आकडा आत ० आणि १ च्या रांगेत लिहिलेला असतो, त्यातलं एकेक घर म्हणजे बिट. एक्सॉर म्हणजे दोन आकड्यांचे त्याच घरातले दोन्ही बिट सारखे असले तर ०, वेगळे असले तर १, बस. ११ ला ६ बरोबर एक्सॉर केलं की १३ येतात, आणि त्या १३ ला परत ६ बरोबर एक्सॉर केलं की ११ परत. म्हणजे कुलूप लावायला आणि काढायला कोड एकच, हे मला इतकं आवडलं होतं ना, दहा-बारा ओळींत सगळं काम.

फक्त माळ दोन्ही वेळेला तीच यायला हवी. कुलूप लावताना वेगळे रँडम आणि उघडताना वेगळे रँडम असं झालं तर डायरीचा भुगा. सुदैवाने (की दुर्दैवाने) कॉम्प्युटरमधले नेहमीचे रँडम नंबर हे रँडम नसतातच, ते एका सूत्रातून निघतात. मी वापरलेलं सूत्र सगळ्यात जुनं आणि सोपं, आधीच्या आकड्याला एका ठरलेल्या संख्येने गुणा, दुसरी एक संख्या मिळवा, तिसऱ्या संख्येने भागून बाकी ठेवा, ती बाकी म्हणजे पुढचा आकडा. छोटं करून बघायचं तर ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. ७ पासून निघालात तर ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि परत ७. सोळाच्या सोळा आकडे एकेकदा येऊन जातात आणि क्रम बघितला तर कसा मस्त विस्कटलेला वाटतो. सुरुवातीचा जो आकडा, इथे ७, त्याला सीड म्हणतात. सीड तेच तर माळ तीच.

त्या रांगेकडे परत एकदा बघा बरं. विषम, सम, विषम, सम. एकही चुकलेला नाही. मला हे कित्येक महिने दिसलं नव्हतं. आणि हे फक्त १६ च्या खेळण्यातलं नाही, या जातीच्या सूत्रात भाजक २ चा घात असला आणि बाकी दोन संख्या विषम घेतल्या की कितीही मोठे आकडे घ्या, शेवटचा बिट टिक-टॉक टिक-टॉक असाच चालतो. १९६० च्या दशकात मोठ्या कॉम्प्युटरवर रँडू नावाचं याच जातीचं एक सूत्र सर्रास वापरात होतं, गुणक ६५,५३९, भाजक २ चा ३१ वा घात. त्याचे सलग तीन-तीन आकडे घेऊन त्रिमितीत ठिपके काढले तर ते सगळे ठिपके फक्त १५ सपाट पातळ्यांवर पडतात. रँडम म्हणून पसरलेले ठिपके आणि पत्त्यांसारखे थर! 

मी मात्र खूश होतो कारण मी 'टेस्टिंग' केलं होतं. कुलूपबंद फाइलमध्ये प्रत्येक बाइट किती वेळा येतो ते मोजून आलेख काढला, एकदम सपाट. झिप करून बघितली, एक बाइटसुद्धा कमी झाला नाही. म्हणजे आत काही पॅटर्न नाही, म्हणजे कोणालाच काही कळणार नाही, असा माझा हिशोब. आकडे समान वाटलेले असणं आणि पुढचा आकडा ओळखता न येणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा डोक्यातच नव्हतं. १, २, ३, ४ असं २५५ पर्यंत मोजत गेलं आणि परत शून्यापासून सुरू केलं तरी आलेख सपाटच येतो की.

असो, तर पासवर्ड. सीड हा आकडा लागतो आणि पासवर्ड असतो अक्षरांचा, मग मी काय केलं, प्रत्येक अक्षराचा कोड (कॉम्प्युटर अक्षर ज्या आकड्याने ओळखतो तो) घेतला आणि सगळ्यांची बेरीज केली. बेरीज! 'कमल' काय, 'मलक' काय आणि 'लकम' काय, बेरीज एकच. म्हणून उलटा पासवर्ड चालत होता.

हे कळल्यावर कागद घेऊन बसलो. माझा पासवर्ड आठ अक्षरी, लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं. असे पासवर्ड होतात जवळपास २०,८८३ कोटी, ऐकायला कसं भक्कम. पण अशा अक्षरांचे कोड ९७ ते १२२, म्हणजे आठ अक्षरांची बेरीज कमीत कमी ७७६ आणि जास्तीत जास्त ९७६. २०१ शक्यता. दोनशे एक! आणि त्यातही बेरजा सगळ्या मधे गर्दी करतात, टोकाच्या क्वचित येतात, त्यामुळे मधून शोधायला सुरुवात केली तर आणखी लवकर. हाताने एकेक टाकत बसलं तरी एका दुपारचं काम. मी वर्षभर डायरीला सायकलचं तीन चकत्यांचं नंबरवालं कुलूप असतं ना, त्याच्या पाचव्या हिश्श्याचं कुलूप लावून फिरत होतो.

मग गुंता दोन. या वेळेला बेरीज नाही, प्रत्येक अक्षराच्या वेळी आधीच्या उत्तराला ३१ ने गुणून मग पुढचं अक्षर मिळवायचं, त्यामुळे क्रम बदलला की उत्तर बदलतं. उत्तर ३२ बिटांत बसवलं, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ शक्यता. सूत्र पण बदललं, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत जे नेहमीचं रँडम येतं ते घेतलं. त्याचं नाव मर्सेन ट्विस्टर, मात्सुमोतो आणि निशिमुरा या दोघांनी १९९७ मध्ये बनवलेलं. ते परत पहिल्यापासून सुरू व्हायला २ चा १९,९३७ वा घात वजा १ इतके आकडे जावे लागतात, ही संख्या नुसती लिहायची म्हटली तर ६,००२ अंकी आहे. म्हटलं आता करा काय करायचं ते. आणि कमी पडायला नको म्हणून तीन वेगवेगळ्या माळा बनवून तीनदा एक्सॉर. (तिन्ही माळा एकाच सीडमधून. म्हणजे एकाच किल्लीने उघडणारी तीन कुलपं एकाच कडीला. आणि तीन माळा एकमेकींशी एक्सॉर केल्या तर त्यांची एकच माळ होते, तेव्हा खरं तर कुलूपही एकच. पण तेव्हा माझा उत्साह बघायला हवा होता तुम्ही.)

माझा एक जुना मित्र आहे, सिक्युरिटीतलं काम करतो, त्याला फोन करून सगळी स्टोरी सांगितली. तो म्हणाला, "कोड पाठव."

"कोड कशाला? कोड दिला तर मग उरलं काय?"

"कोड लपवून जे टिकतं ते एन्क्रिप्शन नसतं रे, ती लपाछपी असते." आणि मग त्याने मला ऑगस्ट केर्कहॉफ्सचं सांगितलं, या माणसाने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी चालली पाहिजे, गुपित फक्त किल्ली. १८८३! तेव्हा कॉम्प्युटर सोडा, तारायंत्राचा जमाना. मी गुपचूप कोड पाठवला.

तासाभरात त्याचा मेसेज, "तू रोज नवीन नोंद वरच्या बाजूला लिहितोस की खाली?" मी म्हटलं वर, ताजं वर असलेलं बरं पडतं. "मग एक काम कर. आत्ताची कुलूपबंद फाइल मला पाठव. मग डायरीत सगळ्यात वर फक्त एवढी एक ओळ टाक, तारीखबिरीख काही नको, 'आज काही विशेष नाही.' सेव्ह कर आणि ती नवीन फाइल पण पाठव. पासवर्ड सांगू नकोस."

मी म्हटलं घे. दोन्ही फाइल मेलने पाठवल्या, वर लिहिलं की जमलं तर पार्टी माझ्याकडून. जेवून येईपर्यंत मेसेज आलेला होता आणि त्यात माझ्याच डायरीतली एक ओळ होती, आणि ओळ नेमकी कोणती तर त्याच्याच बद्दल लिहिलेली, की हा स्वतःला फार शहाणा समजतो.

आता त्याने काय केलं ते नीट सांगतो कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात भारी भाग आहे आणि मला तो समजायला दोन दिवस लागले. पासवर्ड तोच म्हणजे सीड तेच, सीड तेच म्हणजे माळ तीच. मी डायरी कितीही वेळा सेव्ह केली तरी दर वेळेला पहिल्या बाइटला तोच पहिला मणी, दुसऱ्याला तोच दुसरा. त्याने सांगितलेली ओळ यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये लिहायची नेहमीची पद्धत) बरोबर ५० बाइट्सची होते, १५ देवनागरी चिन्हं गुणिले तीन म्हणजे ४५, तीन स्पेस, एक पूर्णविराम आणि एक नवीन ओळ. ही ओळ त्याला माहीत आहे, तिचं कुलूपबंद रूप नवीन फाइलच्या सुरुवातीला आहे, दोन्ही एक्सॉर केले की माळेचे पहिले ५० मणी त्याच्या हातात. हे ५० मणी जुन्या फाइलच्या सुरुवातीला लावले की जुन्या डायरीचे पहिले ५० बाइट्स उघडे. बरं आता गंमत अशी की जुन्या डायरीचे पहिले ५० बाइट्स म्हणजेच नवीन डायरीचे ५१ ते १००, कारण मी वर फक्त एक ओळ घातली, बाकी सगळं तसंच खाली सरकलं. म्हणजे नवीन फाइलमधल्या ५१ ते १०० चा मजकूर माहीत झाला, त्यातून माळेचे ५१ ते १०० मणी मिळाले, ते जुन्या फाइलला लावले की पुढचे ५० उघडले, ते नवीनमध्ये १०१ ते १५०... स्वेटरचा एक धागा ओढला की कसं सरसर उसवत जातं तसं. माझी डायरी साधारण १,८०,००० बाइट्सची होती, म्हणजे ५०-५० च्या ३,६०० उड्या, कॉम्प्युटरला पापणी लवायला लागतो तेवढापण वेळ नाही.

यात त्याने पासवर्डला हात लावला नाही. सीड शोधलं नाही. मर्सेन ट्विस्टरशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, ६,००२ अंकी संख्या गेली उडत. मी आकाशातून उतरलेले खरेखुरे रँडम नंबर वापरले असते तरी हेच झालं असतं, कारण चूक माळ कशी बनवली यात नव्हती, तीच माळ दोनदा घातली यात होती.

"आणि ती ओळ नसती टाकली तरी निघालं असतं, फक्त थोडा जास्त वेळ लागला असता," तो म्हणाला. "तू मराठीत लिहितोस ना, त्याने तर काम अजून सोपं होतं."

मला वाटायचं मराठी म्हणजे उलट आणखी सुरक्षित, बाहेरच्याला काय कळणार. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं, त्यातला पहिला बाइट कायम २२४ आणि दुसरा एक तर १६४ नाही तर १६५. कायम! अ असो, ज्ञ मधला ञ असो, वेलांटी असो, मात्रा असो. म्हणजे तीनपैकी एक बाइट पूर्ण माहीत, दुसरा जवळजवळ माहीत, खरं गुपित काय ते तिसऱ्यात. एकाच माळेने बंद केलेल्या दोन मराठी फाइल एकमेकींशी एक्सॉर केल्या की माळ कटते आणि खाली उरतो मराठी एक्सॉर मराठी, त्यात लांबलचक पट्टे दिसतात, ०, ०, काहीतरी, ०, १, काहीतरी, ०, ०, काहीतरी. रँडम बाइट्समध्ये शून्य सरासरीने २५६ मध्ये एकदा यायला हवं, इथे दर तिसऱ्या घरात शून्य. मधेच स्पेस आली की पट्टा सरकतो, कारण स्पेस एकच बाइटची, म्हणजे शब्द कुठे संपतो तेसुद्धा फुकटात कळलं. मग बसायचं अंदाज लावत, इथे 'आहे' असेल का, इथे 'आणि' बसतंय का, एकीकडे बरोबर शब्द धरला की दुसरीकडे आपोआप अर्थ लागतो. शब्दकोडंच ते, फक्त दोन कोडी एकमेकांवर छापलेली.

आणि मी काही पहिला बावळट नाही. ही पद्धत, म्हणजे मजकुराइतकीच लांब रँडम माळ आणि ती एकदाच वापरायची, हिला वन-टाइम पॅड म्हणतात. १९१७ मध्ये गिल्बर्ट व्हर्नम या इंजिनिअरने टेलिप्रिंटरसाठी छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर किल्ली ठेवायची आयडिया काढली आणि अमेरिकन लष्करातल्या जोसेफ मॉबोर्नने त्यात भर घातली की पट्टीवरचं सगळं रँडम पाहिजे आणि पट्टी परत वापरायची नाही. १९४९ मध्ये गणितज्ञ क्लॉड शॅननने गणिताने सिद्ध करून छापलं की असं केलं तर ते तुटूच शकत नाही, कितीही मोठा कॉम्प्युटर आणा. का ते सोपं आहे. समजा सहा बाइट्सचा एक कुलूपबंद मेसेज पकडला. एक माळ लावली तर त्यातून 'हो' निघतं, दुसरी लावली तर 'ना' निघतं, दोन्ही सहा-सहा बाइट्स, आणि दोन्ही माळा सारख्याच शक्य. मग समोरच्याने मानायचं काय?

पण 'एकदाच' हा शब्द फार महाग आहे. सोव्हिएत हेरखात्याकडे अगदी हेच पॅड होते, आणि १९४२ च्या सुरुवातीला, युद्धाच्या धामधुमीत, छापणाऱ्यांनी काही पानं दोनदा छापली. तेवढंच. अमेरिकेने १९४३ मध्ये व्हेनोना नावाचा प्रकल्प सुरू केला तो चालला १९८० पर्यंत, आणि त्यात सुमारे ३,००० मेसेज पूर्ण किंवा थोडेथोडे वाचले गेले. जे कधीच तुटू शकत नाही ते तुटलं, छापखान्याने वेळ वाचवला म्हणून. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं, मोठमोठ्या लोकांनी पण माझीच चूक केलीये.

मग मी म्हटलं ठीक आहे, दर वेळी माळ वेगळी पाहिजे ना, सोपं आहे, सीडमध्ये घड्याळातली वेळ मिसळू. फाइल सेव्ह करतानाची वेळ सेकंदात घ्यायची, पासवर्डच्या आकड्यात मिळवायची, ती वेळ फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवायची म्हणजे उघडताना मिळते. गुंता तीन! मित्राला सांगितलं, तो म्हणाला हे पहिल्यांदा काहीतरी बरं केलंस. मी फुगलो. "पण वेळ गुपित नाहीये हे लक्षात ठेव. तिचा उपयोग फक्त माळ वेगळी करायला. गुपित अजून तेवढंच आहे, ३२ बिट. चारशे एकोणतीस कोटी सीड म्हणजे माझ्या लॅपटॉपला एक रात्र, फार तर दोन. आणि तू एका सेकंदात दोनदा सेव्ह केलंस तर?"

वेळेला गुपित समजण्याची चूक तर फारच प्रसिद्ध आहे. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरची सुरक्षित कनेक्शनची किल्ली कशी बनते ते इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी उलगडून बघितलं, तर सीड बनत होतं घड्याळातली वेळ आणि चालू प्रोग्रामचे नंबर यातून, म्हणजे असल्या गोष्टींतून की ज्या बाहेरच्याला बऱ्यापैकी ओळखता येतात. पुढे डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००६ साली ओपनएसएसएल या किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एक-दोन ओळींची दुरुस्ती अशी झाली की रँडमपणा यायचा रस्ताच बंद झाला, फक्त चालू प्रोग्रामचा नंबर उरला, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. पावणेदोन वर्षं जगभर किल्ल्या बनत होत्या, दिसायला लांबलचक, सपाट आलेखवाल्या, झिप न होणाऱ्या. माझ्या २०१ चेच मोठे भाऊ सगळे.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की मी इतके दिवस चुकीच्या जागी कष्ट करत होतो. गुणा, फिरवा, तीनदा एक्सॉर करा, याने गुपित वाढत नाही. आत जेवढं गुपित घातलं तेवढंच बाहेर येतं, सूत्र त्याला फक्त पसरवतं, पोळी कितीही मोठी लाटली तरी कणीक तेवढीच. प्रश्न हा की कणीक आणायची कुठून.

यावर मी जो काही उद्योग केला तो सांगायला जरा लाज वाटते. आधी म्हटलं आपणच मनाने रँडम अंक लिहू. २०० अंक लिहिले वहीत, मग तपासलं. खरे रँडम असते तर साधारण २० वेळा तरी एकाच अंकानंतर तोच अंक परत यायला हवा होता, माझ्या यादीत तो तीनदा आला होता. माणसाला ४४ लिहिताना अपराधी वाटतं, वाटतं हे काही रँडम दिसत नाही. आणि ७ चा तर नुसता सुळसुळाट.

मग फासे. एका फाशात जवळपास अडीच बिट असतात (नेमकं सांगायचं तर २.५८), म्हणजे २५६ बिटांसाठी १०० वेळा फासा टाकला की झालं. पण सहाच्या हिशोबाचं दोनच्या हिशोबात करायचा कंटाळा आला म्हणून मी ५ आणि ६ सोडून द्यायचे, १ ते ४ आले तर त्याचे दोन बिट लिहायचे असं ठरवलं. त्यामुळे १२८ चांगले फासे लागले आणि टाकायला लागले एकूण दोनशेच्या आसपास. रात्री उशिरापर्यंत टेबलावर खडखड खडखड. घरच्यांनी येऊन बघितलं, काय चाललंय, म्हटलं किल्ली बनवतोय. काही न बोलता गेले, बहुतेक काळजीत.

(नाणं किंवा फासा वाकडा असेल अशी शंका असेल तर गणितज्ञ फॉन नॉयमानची एक झकास युक्ती आहे, नाणं दोन-दोनदा टाकायचं, छापा-काटा आला तर ०, काटा-छापा आला तर १, दोन्ही सारखे आले तर सोडून द्यायचं. नाणं कितीही एकीकडे झुकणारं असलं तरी छापा-काटा आणि काटा-छापा यांची शक्यता समानच असते. इतकी सोपी आणि सुंदर गोष्ट आहे ही, मला शाळेत कोणी का सांगितली नाही.)

खरं म्हणजे यातलं काहीच करायची गरज नव्हती, ऑपरेटिंग सिस्टिम हेच काम गुपचूप करत असते, डिस्क, नेटवर्क, कीबोर्ड यांच्या वेळांमधली बारीक थरथर आणि प्रोसेसरमधली खास सोय यातून ती रँडमपणा गोळा करते आणि मागितला की देते. पायथॉनमध्ये नेहमीच्या रँडमऐवजी सीक्रेट्स नावाचं मॉड्यूल वापरलं की तिथूनच येतं. मर्सेन ट्विस्टर सिम्युलेशनसाठी ठीक आहे, पण त्याचे सलग ६२४ आकडे पूर्ण दिसले की पुढचे सगळे सांगता येतात, ते कुलपासाठी बनवलेलंच नाही. त्याचा काय दोष.

एवढं सगळं ठीक केलं तरी एक भोक राहिलं होतं आणि ते मला कधीच सुचलं नसतं. समजा डायरीत उसने दिलेले पैसे लिहिलेत, १०००. कुलूपबंद फाइलमध्ये तो १ कुठे आहे ते कोणाला माहीत असेल तर त्या जागच्या बाइटला नुसतं ८ ने एक्सॉर करायचं. उघडल्यावर ९००० दिसतात! इंग्रजी १ आणि ९ यांच्या कोडमध्ये ८ चाच फरक, आणि देवनागरी अंकांच्या तिसऱ्या बाइटमध्येसुद्धा ८ चाच, म्हणजे इथे मराठीपणाने वाचवलं नाही. न वाचता बदलता येतं. त्यासाठी प्रत्येक फाइलला एक पडताळणीचा शिक्का लागतो जो किल्लीशिवाय बनत नाही, आणि तो घरी बनवायला गेलो तर आणखी एक वर्ष आणि आणखी एक मानहानी.

म्हणून डायरी आता तयार लायब्ररीत (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडमध्ये) आहे, माळेसाठी चाचा-ट्वेंटी आणि शिक्क्यासाठी पॉली-१३०५, पासवर्डवरून किल्ली बनवायला आर्गॉन-टू, जे मुद्दाम हळू आणि मेमरीखाऊ आहे, म्हणजे अंदाज लावत बसणाऱ्याला प्रत्येक अंदाज महाग पडावा. पण चाचा-ट्वेंटी कसं चालतं ते बघितलं आणि मी खुर्चीत मागेच टेकलो. डॅनियल बर्नस्टाइनने २००८ मध्ये बनवलेलं हे, आणि आत आहे काय? बेरीज, बिट फिरवणं, एक्सॉर. बस. माझ्याच स्वयंपाकघरातलं सामान! ३२ बिटांचे सोळा आकडे चार बाय चारच्या चौकटीत मांडायचे, त्यात किल्ली २५६ बिटांची, एक मोजणीचा आकडा आणि दर वेळी वेगळा असा नॉन्स, मग चार-चार घरं धरून बेरीज-एक्सॉर-फिरव, फिरवायचं १६, १२, ८, ७ असं, आणि हे २० फेऱ्या. शेवटी आलेल्या आकड्यांत सुरुवातीच्या चौकटीची बेरीज करायची म्हणजे उलटं जाता येत नाही. त्यातून निघते माळ, आणि ती मजकुराशी एक्सॉर. म्हणजे माझा गुंताच की हा, फक्त शहाण्या माणसाने घातलेला, आणि मग जगभरच्या मित्रांनी तो वर्षानुवर्षं ओढून बघितलेला. तो मी नंतर स्वतः लिहिला, अधिकृत नमुन्याशी एकेक आकडा ताडून बघितला, पहिल्या वेळी १२ च्या जागी १३ लिहिल्याने सगळंच चुकलं होतं आणि दिसायला मात्र तेवढंच रँडम दिसत होतं. तो कोड फक्त बघायला ठेवलाय, डायरी त्यात ठेवत नाही.

एक काम अजून राहिलंय. डायरी नवीन कुलपात गेली, पण जुन्या कॉप्या? मी बॅकअपचा भारी शौकीन, गुंता एक आणि गुंता दोनच्या फाइल कुठे कुठे टाकून ठेवल्या होत्या, सुरक्षितच आहेत म्हणून बिनधास्त. मेलमधून तीन काढल्या (मित्राला पाठवलेल्या दोन धरून, त्याने त्याच्याकडच्या उडवल्या म्हणे), जुन्या फोनमधून एक, क्लाउडमधून दोन. आणि एक निळी पेनड्राइव्ह होती, तिच्यात गुंता एकची पूर्ण वर्षाची फाइल आहे. ती मी कोणाला तरी फोटो भरून दिली होती एवढं आठवतंय. कोणाला ते नाही. चार जणांना विचारून झालंय, सगळे म्हणतात बघतो.